टू-व्हील ड्राइव्हचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फोर-व्हील ड्राइव्हला कसा लावायचा

गाडी फोर-बाय-फोर करायची ठरली की पहिला प्रश्न हाच येतो की आहे तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून टाकायचा का. बहुतेक वेळा गरज नसते. टॉर्क कन्व्हर्टर, पंप, क्लच पॅक, प्लॅनेटरी गिअर, व्हॉल्व्ह बॉडी हे सगळं टू-व्हील आणि फोर-व्हील दोन्हीत जवळपास तेच असतं, फरक आहे तो मागच्या टोकाला. टू-व्हीलमधे आउटपुट शाफ्ट लांब असतो, टेल हाउसिंगमधून मागे येतो आणि त्यावर प्रोपेलर शाफ्टचा स्लिप योक सरकतो. फोर-व्हीलमधे शाफ्ट आखूड, त्याच्या टोकाच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) थेट ट्रान्सफर केसच्या, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या, इनपुटमधे जातात आणि टेल हाउसिंगच्या जागी ॲडॅप्टर येतो. म्हणजे कागदावर बघितलं तर शाफ्ट बदला, ॲडॅप्टर लावा, ट्रान्सफर केस टांगा, झालं.

पण हा शाफ्ट कुठून बाहेर येतो ते आधी बघा. सगळं काम ह्या एका गोष्टीवर ठरतं. काही गिअरबॉक्समधे पुढून पंप आणि ड्रम काढून एक सर्क्लिप सोडवली की शाफ्ट मागून हातात येतो. काहींमधे शाफ्ट सगळ्या प्लॅनेटरी गिअरसकट पुढूनच निघतो, म्हणजे पूर्ण गिअरबॉक्स खोलावाच लागतो. पहिल्या प्रकारात काम दोन-तीन दिवसांत निवांत होतं, दुसऱ्या प्रकारात तुम्ही ओव्हरहॉलच करताय असं धरून चाला आणि क्लच प्लेटा, सील किट आधीच आणून ठेवा.

जनरल मोटर्सचे गिअरबॉक्स ह्या कामासाठी सगळ्यात जास्त वापरले जातात आणि पार्ट पण मिळतात, म्हणून मी उदाहरण त्यांचंच घेतोय. ७००आर४ हा १९८२ मधे आला, १९९० मधे त्यालाच ४एल६० म्हणायला लागले आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक ४एल६०ई. चार गिअर, ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे रेशो. पहिला गिअर इतका खोल असल्यामुळे चढावर आणि खडकात चालवायला हा फार चांगला पडतो. दुसरा टीएच४००, १९६४ पासूनचा, तीनच गिअर, २.४८, १.४८, १.००, पण ताकदीला जबरदस्त. ७००आर४ पहिल्या प्रकारात येतो आणि टीएच४०० दुसऱ्या प्रकारात, त्यामुळे दोन्ही बघितले की बाकीच्या गिअरबॉक्सचा अंदाज येतो.

खोलायच्या आधी हे पण बघा

तुमचा गिअरबॉक्स थकलेला असेल, गिअर पडायला उशीर लागत असेल, ऑइलला जळका वास असेल, तर कन्व्हर्ट करत बसू नका. त्यापेक्षा फोर-व्हीलचाच जुना गिअरबॉक्स घ्या आणि तो ओव्हरहॉल करा, शाफ्ट आणि ॲडॅप्टर त्याच्यासोबतच येतात. कन्व्हर्जन करण्यात अर्थ कधी, तर तुमचा गिअरबॉक्स नुकताच चांगला बांधलेला आहे, किंवा फोर-व्हीलचा अख्खा नग मिळतच नाहीये आणि शाफ्ट-ॲडॅप्टर सुटे मिळतायत तेव्हा.

गिअरबॉक्सला हात न लावता पण एक मार्ग आहे, तो म्हणजे डिव्होर्स्ड ट्रान्सफर केस. ही गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, चासीवर स्वतंत्र बसते आणि मधे एक छोटा प्रोपेलर शाफ्ट लागतो. एनपी२०५ ह्या ट्रान्सफर केसची अशी आवृत्ती जुन्या फोर्ड आणि डॉज ट्रकमधे होती, आणि सुझुकी समुराईची ट्रान्सफर केस पण अशीच वेगळी बसते. गिअरबॉक्स जसाच्या तसा राहतो हा मोठा फायदा, पण लांबी खाते, मधला शाफ्ट अगदी आखूड असल्यामुळे त्याचे अँगल जमवायला त्रास होतो आणि चासीवर तिचं माउंटिंग मजबूत बनवावं लागतं कारण लो रेंजमधे (हळू पण ताकदीच्या रेशोमधे) ती पिळायला बघते. लांब व्हीलबेसची गाडी असेल तर हा पर्याय खरंच विचारात घ्या, आखूड गाडीत मागच्या प्रोपेलर शाफ्टला जागाच उरत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे टू-व्हीलच्या शाफ्टवर कपलर स्लीव्ह बसवून त्याच्यापुढे ट्रान्सफर केस जोडणारे ॲडॅप्टर किट. गिअरबॉक्स खोलावा लागत नाही, पण जोडाची लांबी वाढते. माझं मत विचाराल तर ७००आर४ सारख्या गिअरबॉक्सला, जिथे शाफ्ट मागून निघतोच, तिथे कपलरच्या नादी लागू नका, सरळ खरा शाफ्ट घाला.

आणि काही गिअरबॉक्स कन्व्हर्ट करण्यासारखेच नसतात. टोयोटाच्या ए३४० मधे ई म्हणजे टू-व्हील आणि एफ म्हणजे फोर-व्हील, पण एच अक्षरवाल्यात ट्रान्सफर गिअरबॉक्ससोबत एकत्रच बनवलेली आहे, त्यामुळे दिसायला नाव सारखं म्हणून एचचे पार्ट ई ला लावायला जाऊ नका.

पार्ट जमवताना

इथे घाई केली की पुढे सगळं अडकतं. चार गोष्टी एकमेकांना जुळल्या पाहिजेत: शाफ्टच्या स्प्लाइन, ॲडॅप्टरचा बोल्ट पॅटर्न, ट्रान्सफर केसचा इनपुट आणि पुढच्या ॲक्सलची बाजू.

स्प्लाइन मोजून घ्या, विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका. जीएमच्या टीएच३५० आणि ७००आर४, ४एल६०ई च्या फोर-व्हील शाफ्टला २७ स्प्लाइन असतात, टीएच४०० आणि ४एल८०ई ला ३२. जीपच्या एडब्ल्यू४ ला जुन्यात २१ आणि नंतरच्यात २३. फोर्डच्या सी६ ला ३१. शाफ्टवर एका दातावर मार्करने खूण करा आणि दोनदा मोजा. एक गोंधळ नेहमी होतो तो म्हणजे ७००आर४ च्या पुढच्या बाजूला, कन्व्हर्टरमधे जाणाऱ्या शाफ्टला, सुरुवातीच्या नगांत २७ दाते होते आणि मग ३० केले, ते वेगळं आणि मागच्या आउटपुटचे २७ वेगळे. कुणी नुसतं सत्तावीसवाला आहे म्हटलं की कुठल्या टोकाचे ते विचारा.

नुसत्या स्प्लाइन जुळून भागत नाही, लांबी पण जुळली पाहिजे. ट्रान्सफर केसचे इनपुट गिअर आखूड, मध्यम, लांब अशा मापात येतात. ॲडॅप्टर गिअरबॉक्सवर लावल्यावर शाफ्ट ॲडॅप्टरच्या मागच्या फेसपासून किती बाहेर येतो ते व्हर्नियरने मोजायचं आणि ट्रान्सफर केसच्या फेसपासून इनपुटमधे किती खोल जाऊ शकतो ते मोजायचं. शाफ्टचं टोक आत टेकता कामा नये आणि स्प्लाइनची पकड पण भरपूर हवी. थोडीशीच पकड मिळत असेल तर इनपुट गिअर बदला, तसंच चालवलं तर स्प्लाइन चावल्या जातात आणि शाफ्ट, इनपुट दोन्ही गेले म्हणून समजा.

ॲक्सलची बाजू म्हणजे पुढचा डिफरन्शियल डावीकडे आहे का उजवीकडे. ट्रान्सफर केसचा पुढचा आउटपुट त्याच बाजूला हवा. जीएमच्या मोठ्या पिकअपमधे १९८७ पर्यंतच्या सॉलिड ॲक्सलला उजवीकडे होता, १९८८ ची नवी पिकअप आली तेव्हा डावीकडे गेला. त्यामुळे जुन्या ॲक्सलला नवी ट्रान्सफर केस असं केलं तर शाफ्ट इंजिनच्या ऑइल पॅनखालून तिरका न्यावा लागेल, म्हणजे नेताच येणार नाही.

कुठली ट्रान्सफर केस घ्यावी? एनपी२०८ चा लो रेशो २.६१, एनपी२३१ आणि एनपी२४१ चा २.७२, ह्या चेनवर चालतात, बॉडी ॲल्युमिनियमची, हलक्या. एनपी२०५ ही गिअरवर चालते, बॉडी बीडाची, मरता मरत नाही पण वजनदार आणि लो फक्त १.९६. पहिल्यांदा करत असाल तर हाताच्या लिव्हरवाली एनपी२४१ घ्या. एनपी२४६ सारखी बटणावर चालणारी ऑटोमॅटिक केस स्वस्त मिळाली तरी तिला स्वतःचा कंट्रोल मॉड्यूल लागतो, वायरिंगमधेच वेळ जाईल.

शाफ्ट घेताना अजून एक. जिथे गव्हर्नर (शाफ्टच्या वेगावरून गिअर बदलवणारा भाग) आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नसलेले जुने गिअरबॉक्स, तिथे जुन्या शाफ्टवर गव्हर्नर फिरवायचे वर्म दाते आहेत का ते बघा, असतील तर नव्या शाफ्टवर पण पाहिजेतच. इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सचा शाफ्ट दिसायला तसाच असतो पण दाते नसतात, तो घातला तर गव्हर्नर फिरणार नाही आणि गाडी पहिल्या गिअरमधून वर जाणार नाही.

७००आर४, ४एल६०ई चा शाफ्ट बदलणं

गिअरबॉक्स खाली काढा. ६५-७० किलोच्या आसपास वजन आहे आणि आत ऑइल, म्हणून ट्रान्समिशन जॅक वापरा आणि गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. कन्व्हर्टर सरळ पुढे ओढून काढा, त्यातून दोन-तीन लिटर ऑइल येईल. बाहेरून सगळं धुवून घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे पण खोलल्यावर आत गेलेला वाळूचा एक कण व्हॉल्व्ह अडकवतो, म्हणून धुण्यात कंजुषी नको. आतलं काम करताना धागे सुटणारं फडकं वापरू नका.

ऑइल पॅन काढा, फिल्टर काढा, त्याची मान पंपात गेलेली असते. टॉर्क कन्व्हर्टर क्लचचा सोलेनॉइड पंपाच्या पोटात बोल्टने बसलेला असतो, तो काढल्याशिवाय पंप निघत नाही आणि जोर लावला तर सोलेनॉइड तुटतो. मग बाजूचं २-४ सर्व्होचं झाकण, ते दाबून सर्क्लिप काढायची आणि सर्व्हो बाहेर. बँडची अँकर पिन केसमधे असते, ती पण काढून बाजूला ठेवा.

टेल हाउसिंगचे बोल्ट काढून ते उतरवा. आता गिअरबॉक्स उभा करायचा, पंप वरती, आउटपुट शाफ्ट खाली. शाफ्टसाठी टेबलाला भोक किंवा दोन ठोकळ्यांमधे जागा ठेवा. आणि खालून शाफ्टला आधार द्या, ह्यासाठी कंपनीचं एक फिक्स्चर येतं, नसेल तर लाकडाचा बरोबर उंचीचा ठोकळा पण चालतो. हा आधार महत्त्वाचा, कारण पुढे सर्क्लिप सुटली की शाफ्ट धाडकन खाली जातो.

पंपाचे बोल्ट काढा आणि पंप पुलरने सरळ वर ओढा, एका बाजूने स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, केसचा फेस खराब होतो. पंपामागे सिलेक्टिव्ह वॉशर असतो, तो पंपाला चिकटून येतो कधीकधी, शोधून जपून ठेवा. मग इनपुट शाफ्ट धरून रिव्हर्स इनपुट ड्रम आणि इनपुट ड्रम दोन्ही एकत्र सरळ वर काढा. हे तसेच उभे ठेवा, आडवे केले की ३-४ क्लचच्या प्लेटा घसरतात आणि क्रम बिघडतो. जिथे जिथे बेअरिंग किंवा प्लास्टिकचा वॉशर दिसेल तिथे तो कुठल्या बाजूने बसला होता त्याचा फोटो काढा, बेअरिंग उलटं बसलं तरी गिअरबॉक्स जोडला जातो आणि मग आत काय वाजतंय ते कळत नाही. बँड वर काढून घ्या. मधे इनपुट सन गिअर राहतो, तो उचला.

आता आत वाकून बघितलं की इनपुट कॅरिअरच्या मधोमध आउटपुट शाफ्टचं टोक दिसतं आणि त्यावर एक सर्क्लिप. हीच ती. खालचा आधार आहे ना ते परत बघा आणि पसरवून काढा. ही सर्क्लिप परत वापरायची नाही, नवीनच घालायची, कारण सगळा शाफ्ट तिच्यावर अडकलेला असतो. आधार हळूहळू काढला की शाफ्ट खाली सरकून मागून बाहेर येतो. बाकीचा गिअरचा ढीग केसमधे तसाच बसलेला राहतो, म्हणून ह्या वेळी केस हलवू नका, आडवा करू नका, आतली थ्रस्ट बेअरिंगं जागची हलली तर ती परत बसवायला खालपर्यंत खोलावं लागेल. पार्किंगचे दाते रिअ‍ॅक्शन इंटर्नल गिअरच्या बाहेरच्या अंगाला असतात, शाफ्टवर नाही, त्यामुळे पार्कचं काहीच बदलावं लागत नाही. ही ह्या गिअरबॉक्सची मोठी सोय आहे.

शाफ्ट बाहेर आलाच आहे तर केसच्या मागच्या टोकाचा बुश बघून घ्या. ट्रान्सफर केसचं सगळं वजन मागे लटकणार आहे, बुश खाल्लेला असेल तर नवीन ठोका, आत्ता काम सोपं आहे.

नवीन आखूड शाफ्ट आधी जुन्याच्या शेजारी ठेवा. पुढच्या टोकापासून सर्क्लिपच्या खाचेपर्यंतचं अंतर, आतल्या स्प्लाइन, बुशवर बसणारा गुळगुळीत भाग, हे सगळं सारखंच हवं, फरक फक्त बुशच्या मागे. ऑइल लावून खालून वर सारा, थोडं थोडं फिरवत, जबरदस्ती नाही. आतल्या गिअरच्या स्प्लाइन एकेक पकडत जातात. खाच पूर्ण वर दिसली पाहिजे. अर्धीच दिसत असेल तर एखादं बेअरिंग तिरकं आहे, सर्क्लिप ठोकून बसवायचा प्रयत्न करू नका. नवीन सर्क्लिप बसली की ती खाचेत सगळीकडून बसली का ते बोटाने फिरवून बघा आणि शाफ्ट खाली ओढून खात्री करा.

मग उलट्या क्रमाने सगळं. बेअरिंग आणि वॉशर जागी धरायला व्हॅसलीन लावा, चेसिसचं ग्रीस नको, ते ऑइलमधे विरघळत नाही. ड्रम बसवताना फिरवत फिरवत खाली न्यायचे म्हणजे क्लच प्लेटांच्या खाचा जुळतात, सगळे बसले की ड्रम पंपाच्या फेसपासून नीट खाली गेलेला दिसतो. पंपाचा मोठा ओ-रिंग आणि गॅस्केट नवीनच. बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे घट्ट करा आणि प्रत्येक फेरीनंतर इनपुट शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा. अडकला तर थांबा. शेवटी डायल गेज लावून एंडप्ले, म्हणजे शाफ्ट पुढे-मागे किती हलतो ते, मोजा, ह्या गिअरबॉक्सला ०.००५ ते ०.०३६ इंच चालतं, म्हणजे साधारण ०.१३ ते ०.९२ मिलिमीटर. शाफ्ट बदलल्याने हे फारसं हलत नाही, पण मोजल्याशिवाय गाडीत चढवू नका, जास्त असेल तर तो सिलेक्टिव्ह वॉशर बदलून जास्त जाडीचा घालायचा.

टीएच४०० असेल तर

इथे शाफ्ट मागून येत नाही. पंप, फॉरवर्ड क्लच, डायरेक्ट क्लच, पुढचा बँड, इंटरमिजिएट क्लचच्या प्लेटा, मग सेंटर सपोर्टची सर्क्लिप, आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बाजूने सेंटर सपोर्टचा पोकळ बोल्ट, हे सगळं काढल्यावर सेंटर सपोर्ट आणि गिअर युनिट शाफ्टसकट पुढून वर उचललं जातं. त्याआधी टेल हाउसिंग काढून शाफ्टवरचा स्पीडोमीटरचा गिअर उतरवून ठेवा, नाहीतर तो अडकतो. शाफ्ट गिअर युनिटला सर्क्लिपने धरलेला असतो, टेबलावर युनिट सुटं करून तो बदलायचा.

खोलायच्या आधीच मागचा एंडप्ले मोजा. आउटपुट शाफ्टवर डायल गेज लावा, ०.००७ ते ०.०१९ इंच पाहिजे, आणि पुढचा ०.००३ ते ०.०२४. हे आकडे लिहून ठेवलेत तर जोडताना सिलेक्टिव्ह वॉशर कुठला लागेल हे लगेच कळतं, नाहीतर दोन-दोनदा उघडावं लागतं. इतकं खोललंय तर क्लच प्लेटा, बँड, सगळी रबरं नवीन घाला, जुनीच परत बसवायची बचत इथे करू नका.

ॲडॅप्टर आणि ट्रान्सफर केस

ॲडॅप्टरमधे ऑइल सील आहे का नाही ते नीट बघा. काही जोड्यांमधे सील ॲडॅप्टरमधे असतं, काहींमधे ट्रान्सफर केसच्या इनपुटला. दोन वेगवेगळ्या गाड्यांतून ॲडॅप्टर आणि केस घेतली असेल तर दोन्हीकडे सील नाही असं पण होऊ शकतं, मग गिअरबॉक्सचं ऑइल ट्रान्सफर केसमधे जातं. बाहेर थेंब पण दिसत नाही, नुसती गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते आणि ट्रान्सफर केस वरपर्यंत भरते. गिअरबॉक्स कोरडा पडून क्लच जळले की मग लक्षात येतं. एका सीलसाठी ही वेळ आणू नका.

ॲडॅप्टर नवीन गॅस्केटने लावा, दोन्ही फेस साफ. ट्रान्सफर केस जॅकवर उचलून स्प्लाइन जुळवा, मागचा आउटपुट थोडा फिरवला की आत जाते. दोन्ही फेस हाताने ढकलून पूर्ण चिकटले पाहिजेत. फट राहत असेल तर बोल्ट आवळून ती बुजवू नका, काहीतरी आत टेकतंय. आवळलंत तर ॲडॅप्टरचा कान तुटेल किंवा शाफ्ट पुढे दाबला जाऊन थ्रस्ट बेअरिंग खाईल.

ट्रान्सफर केस किती फिरवून बसते, म्हणजे पुढचा आउटपुट किती खाली, किती वर, ते ॲडॅप्टरच्या भोकांवर ठरतं. फ्लोअरला लागत नाही ना, पुढचा शाफ्ट क्रॉसमेंबर आणि एक्झॉस्ट चुकवून जातो ना, हे बोल्ट सैल ठेवूनच बघून घ्या. चेनवाल्या बहुतेक केसमधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, एनपी२०५ ला गिअर ऑइल. व्हेंटची नळी इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांधा, पाण्यातून गेलात की आत पाणी ओढलं जात नाही.

स्पीड सेन्सर आणि कॉम्प्युटर

टू-व्हीलच्या ४एल६०ई मधे स्पीड सेन्सर टेल हाउसिंगमधे असतो आणि शाफ्टवर ४० दातांची चकती. आखूड शाफ्टवर ती चकतीच नाही. मग सेन्सर ट्रान्सफर केसच्या मागच्या हाउसिंगमधला वापरायचा, वायर लांबवायची, आणि केसमधे पण ४० दातांचीच चकती आहे ना ते बघायचं, नाहीतर स्पीडोमीटर आणि शिफ्ट दोन्ही चुकणार. ४एल८०ई मधे सेन्सर गिअरबॉक्सच्या केसवरच असतात म्हणून तिथे हा त्रास नाही.

सेन्सर ट्रान्सफर केसच्या मागे गेला की लो रेंजमधे अजून एक भानगड होते. गाडी हळू चालते पण गिअरबॉक्सचा शाफ्ट २.७२ पट जास्त फिरत असतो, कॉम्प्युटरला हे माहीतच नसतं आणि त्याला वाटतं क्लच घसरतोय. म्हणून जीएमच्या फोर-व्हील कॉम्प्युटरला लो रेंजच्या स्विचचा सिग्नल जातो. तो स्विच जोडा आणि कॉम्प्युटरचं कॅलिब्रेशन फोर-व्हीलचं करून घ्या. गव्हर्नरवाल्या गिअरबॉक्सला हे काहीच लागत नाही, तो आपल्याच शाफ्टकडे बघून गिअर टाकतो, फक्त स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसला न्यायची.

खालचं बाकीचं काम

माउंटिंग आता ॲडॅप्टरखाली येतं, म्हणून क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. ट्रान्सफर केस नुसती गिअरबॉक्सच्या शेपटीवर लटकवून गाडी एक फूट पण हलवू नका. मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करून घ्या. साधे क्रॉस जॉइंट दोन्ही टोकांना असतील तर दोन्ही टोकांचे अँगल एका डिग्रीच्या आत सारखे पाहिजेत, आणि डबल कार्डन (एका टोकाला जोडीने बसवलेले दोन क्रॉस जॉइंट) असेल तर पिनियन सरळ ट्रान्सफर केसकडे बघायला हवा, एखादी डिग्री खाली. माप गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना घ्या, लटकलेल्या ॲक्सलवर घेतलेलं माप चुकतं.

पुढचा आणि मागचा क्राउन-पिनियन रेशो एकच हवा. ४.१० ला ४.०९ चालतो, ३.७३ ला ४.१० अजिबात नाही, फोर-व्हील लावताच सगळी यंत्रणा स्वतःशीच भांडते. आणि पार्ट-टाइम ट्रान्सफर केस कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमधे चालवायची नसतेच.

कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत आत ढकला, टप्प्याटप्प्याने तीनदा आत बसतो. गिअरबॉक्स इंजिनला लावल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमधे ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसेल तर कन्व्हर्टर पंपात पूर्ण गेलेला नाही, बोल्ट आवळले तर पंप फुटतो. ७००आर४ असेल तर टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला येणारी केबल) नीट ॲडजस्ट केल्याशिवाय चालवू नका, ती सैल राहिली की प्रेशर पडतं आणि ३-४ क्लच थोड्याच अंतरात जळतो. कूलरच्या लाइन धुवून घ्या, आणि लो रेंजमधे काम करणार असाल तर वेगळा कूलर लावा, हळू वेगात कन्व्हर्टर सगळ्यात जास्त गरम होतो.

सुरू करताना

कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरच्या मापाप्रमाणे ८ ते ११ लिटर ऑइल लागतं. आधी ४-५ लिटर घालून इंजिन सुरू करा आणि लगेच बाकीचं ओतत राहा, पंप कोरडा फिरू देऊ नका. चाकं वर असतानाच सगळे गिअर टाकून बघा, मग टू-हाय, फोर-हाय, फोर-लो, आणि खाली वाकून कुठे काही घासतंय का ते ऐका. गरम झाल्यावर पार्कमधे पातळी बघा.

एक गोष्ट गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमधे असेल तर गिअरबॉक्सचा पार्क गाडी धरत नाही, कारण पार्क फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो आणि चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. टू-व्हीलची सवय असलेला माणूस पार्क लावून निर्धास्त उतरतो आणि गाडी उतारावरून सुटते. हँडब्रेक चांगला करून घ्या आणि ट्रान्सफरच्या लिव्हरजवळ तशी पट्टी लावा.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गाडी परत वर घ्या. ॲडॅप्टरचे आणि माउंटिंगचे बोल्ट परत टॉर्क रेंचने बघा, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हींच्या पातळ्या एकाच वेळी तपासा. एक उतरलेली आणि दुसरी चढलेली दिसली तर मधलं सील गेलंय, ट्रान्सफर केस उतरवून ते आधी बदला, मगच पुढे चालवा.